खोकत कोण होतं?

१

माणसाचा हात भाजला होता आणि आग कुठेच नव्हती.

उजव्या हाताची बोटं आधी लाल झाली, मग सुजली, मग त्यांच्यावर पाण्याने भरलेले फोड आले. कारखान्याच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि काही गरम धरलं होतं का म्हणून विचारलं. नाही म्हटल्यावर ॲलर्जीच्या गोळ्या दिल्या. फोड वाढले तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की हा माणूस काम काय करतो. मग गोळ्यांचा नाद सोडून त्यांनी थेट मोठ्या रुग्णालयाची गाडी बोलावली.

त्या माणसाला सगळा कारखाना फोटोभाऊ म्हणतो. तिथे जाड पाइप वेल्डिंगने जोडतात. जोड आतून पोकळ राहिला तर पुढे कधीतरी वाफेच्या दाबाने फुटतो, म्हणून प्रत्येक जोडाचा किरणांनी फोटो काढायचा, डॉक्टर हाडाचा काढतात तसा. त्यासाठी एका वजनदार पेटीत किरणोत्सारी धातूचा तुकडा असतो, वाटाण्यापेक्षाही लहान. भिंतीआड उभं राहून हँडल फिरवलं की तुकडा लांब नळीतून जोडापर्यंत जातो, आणि फोटो झाला की उलटं फिरवून त्याला पेटीत परत आणायचं. त्या दुपारी तो परत आलाच नव्हता. नळीच्या टोकाशी बसून राहिला होता. फोटोभाऊ पाइपापाशी गेले, नळीचं टोक हाताने धरून बाजूला केलं आणि निवांतपणे फिल्म काढून आणली.

अशा वेळेसाठीच त्यांच्या खिशाला एक यंत्र असतं. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, क्लिपने अडकवायचं. किरणं वाढली की ते कर्कश ओरडतं आणि माणूस पळत सुटतो. कारखान्यात त्याला बीपर म्हणतात. भाऊंनी पहिल्यापासून एकच सांगितलं होतं: बीपर चालू होता, खिशाला होता, आणि वाजला नाही.

तो बीपर सीलबंद पाकिटातून माझ्या टेबलावर आला.

माझी नोकरी यंत्रांना छळायची आहे. अंगावर घालायचं यंत्र कसं असावं याचे नियम ठरलेले असतात. त्यांना आम्ही मानक म्हणतो, आणि मानकात जे जे लिहिलंय ते सगळं मी यंत्राकडून करून घेते. त्याला उंचावरून पाडते, भट्टीत तापवते, बर्फात गोठवते, पाण्यात बुडवते, चालू वॉकीटॉकी त्याला चिकटवून धरते. एवढं सोसूनही जे किरणं आल्यावरच ओरडतं आणि एरवी गप्प बसतं, ते पास. या बीपरला मी मनापासून छळलं. पास झाला. क्लिप तर इतकी घट्ट होती की उघडताना माझं नख तुटलं आणि तोंडातून एक शब्द गेला, तो मी अहवालात लिहिला नाही.

यंत्र निर्दोष म्हणजे माणूस दोषी, एवढा सरळ हिशेब होता. भाऊंनी बीपर बंद ठेवला असणार. मी सही केली की त्यांचा कामाचा परवाना कायमचा जाणार, आणि उपचारांतून कारखाना हात झटकणार, कारण चूक त्यांचीच ठरणार. सहीआधी मी रुग्णालयात फोन लावला. भाऊंनी आवाज न चढवता तेच सांगितलं, शब्दही न बदलता.

दोघांपैकी एक खोटं बोलत होतं, आणि यंत्राला खोटं बोलता येत नाही. निदान तोवर माझी तशी समजूत होती.

२

कारखान्याच्या फाटकावर मला घ्यायला सेफ्टीसाहेब आले. सगळ्यांच्या सुरक्षेची जबाबदारी त्यांच्यावर. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज, आणि दर वाक्याला मॅडम. भाऊ फार गुणी माणूस, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, आणि मग हळूच पुस्ती जोडली, की हल्ली बॅटरी वाचवायला ते बीपर बंद ठेवत असावेत. पाहिलं का, तर नाही. कोणी सांगितलं का, तर तसंही नाही. नुसता अंदाज.

मी विचारलं, की फोटो झाल्यावर किरणं मोजायचं हातातलं यंत्र घेऊन पाइपापाशी जायचा नियम आहे, ते कुठे होतं. ते दुरुस्तीला गेलं होतं म्हणे. मग काम थांबवायला हवं होतं, असं मी म्हटलं तर साहेब हसले. "मॅडम, बीपर होते की प्रत्येकाला."

मला राग आला. पण माझा राग पुरावा नव्हता, म्हणून मी तो गिळला आणि आत गेले.

आतली शेड लांबच लांब. एका टोकाला पाइपांचे ढीग, मधे फोटो काढायची भिंतीआडची जागा, वर छतालगत क्रेन. सगळे एकमेकांशी वॉकीटॉकीवर बोलत होते, कारण त्या गोंगाटात शेजारच्याचंही ऐकू येत नाही. पण त्यांची बोलायची तऱ्हा बघून मला हसू आलं. जो तो वॉकीटॉकी हात लांब करून, अंगापासून होईल तितकी दूर धरून, मान वाकडी करून तिच्यात ओरडत होता, पोरगं मांडीवर ओलं झाल्यावर बाप धरतो तशी. मी साहेबांना कारण विचारलं. जुन्या आहेत, कानात शिट्टी मारतात, असं ते म्हणाले आणि मला पुढे घेऊन गेले.

क्रेनवाल्या मावशी शिडीवरून खाली उतरल्या. पन्नाशीच्या, ठसठशीत, बोलायला लागल्या की मधे श्वास घ्यायला विसरणाऱ्या. त्या दुपारी भाऊ पाइपाकडे जात होते तेव्हा त्यांच्याशी वॉकीटॉकीवर त्याच बोलत होत्या. पाइप उचलायचा होता आणि फोटो उरकत नव्हता, म्हणून त्या घाई करत होत्या. ही घाई त्यांच्या मनाला लागली होती. डोळ्याला पदर लावत त्यांनी मला दोनदा सांगितलं, की मी नसती हाक मारली तर भाऊ जरा थांबले असते.

"बीपर वाजल्याचं ऐकलंत?" मी विचारलं.

"नाही वाजला. वाजला असता तर मला वॉकीटॉकीतून ऐकू आलं नसतं का? भाऊ म्हणाले, आलोच, फिल्म काढतो, मग उचल. तेवढंच कळलं. सारखा खोकत होता, निम्मं ऐकूच आलं नाही."

मी वहीत टिपलं: भाऊंना खोकला. शेडमधल्या धुराने मलाही ठसका लागला होता, तेव्हा त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं.

वेल्डरांना विचारलं. वाजला नाही. भांडारवाल्याला विचारलं. त्यानेही तेच सांगितलं, आणि वर कोणी शपथ घ्यायला सांगितली तर घेतो म्हणाला. मी निघायच्या बेतात होते तेवढ्यात मागून कोणीतरी हाक मारली. भाऊंचा जोडीदार होता, ज्याने त्या दुपारी हँडल फिरवलं होतं. उंचीमुळे त्याला सगळे लंबू म्हणत.

"मॅडम, एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही," तो म्हणाला.

३

लंबूची गोष्ट अशी. फोटो झाल्यावर त्याने हँडल उलटं फिरवलं, ते घट्ट झालं, म्हणजे तुकडा पेटीत आला असं त्याने धरलं आणि भाऊंना हात केला. भाऊ फिल्म घेऊन आले. मग तो पेटीला कुलूप लावायला गेला तर कुलूप बसेना. तुकडा पूर्ण आत असल्याशिवाय ते बसतच नाही. त्याने हँडलला हिसका दिला तसं ते सुटलं, आणि बरंच फिरवल्यावर कुलूप बसलं. पण भाऊ हसत समोर उभे होते, बीपर वाजला नव्हता, म्हणजे काही झालं नसणार, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि तोंडाला कुलूप लावलं.

"तुझा बीपर?" मी विचारलं.

त्याचाही वाजला नव्हता. तो भिंतीआड होता आणि भिंत हातभर जाडीची, तेव्हा त्याचा वाजायला नकोच होता. पेटी नळीच्या दुसऱ्या टोकाला, तीही भिंतीच्या अलीकडे. त्याचं सांगणं पटण्यासारखं होतं.

मागे उभे असलेले सेफ्टीसाहेब पुढे आले. त्यांनी लंबूच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, की आता सगळा उलगडा झाला. याने तुकडा अर्धवट ठेवला, भाऊंनी बीपर बंद ठेवला, दोघांच्या चुका एकाच वेळी झाल्या, दुर्दैव. लंबू लहान मुलासारखा रडायला लागला.

साहेबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. निम्मं तर खरंच होतं. पण तुकडा का अडकला हे मला कोणी विचारलंच नव्हतं. बीपर गप्प का राहिला, हा माझा प्रश्न होता, आणि लंबूच्या रडण्याने त्यावर काडीचाही उजेड पडत नव्हता. साहेबांना एवढी घाई कसली झाली होती, हेही मला कळत नव्हतं. अहवाल उद्या मिळेल का, असं त्यांनी मला गाडीपर्यंत येऊन विचारलं.

रुग्णालयात भाऊंची खोली कोपऱ्यात होती. उजवा हात पांढऱ्या पट्ट्यांत, उशीवर उंच ठेवलेला. शेजारी त्यांची बायको सफरचंदाच्या फोडी करत बसली होती. सगळ्या कारखान्याची वहिनी ती. मला बघून तिने सुरी खाली ठेवली. तिच्या नजरेत एकच प्रश्न होता आणि तो तिने तोंडाने विचारला नाही: तुम्ही यांचा परवाना घ्यायला आलात का?

मी इकडचं तिकडचं बोलले. मग भाऊंना म्हणाले, की तुमच्या खोकल्यामुळे मावशींना त्या दिवशी नीट ऐकू आलं नाही. खोकला बरा आहे ना आता?

उत्तर वहिनीने दिलं.

"यांना खोकला कधी होता, ताई? घरात सगळे आजारी पडले तरी हे ठणठणीत. डॉक्टरांनी कालच छातीचा फोटो बघून कौतुक केलं."

४

भाऊंना खोकला नव्हता. मग त्या दुपारी खोकत कोण होतं?

मी वही उघडून मावशींचं वाक्य पुन्हा वाचलं, जसं ऐकलं तसंच लिहिलेलं. भाऊ म्हणाले, आलोच. सारखा खोकत होता. आणि मी तिथेच अडले. भाऊ म्हणाले. भाऊ जरा थांबले असते. मावशींनी भाऊंना एकदाही अरेतुरे केलं नव्हतं. शेडमधला कोणीच करत नाही. मग भाऊ म्हणाले आणि लगेच खोकत होता, हे कसं? एका वाक्यात मान द्यायचा आणि दुसऱ्यात काढून घ्यायचा, असं कोणी बोलत नाही. भाऊ खोकत असते तर मावशी खोकत होते म्हणाल्या असत्या. खोकत होता तो दुसराच कोणी. भाऊंच्या अगदी जवळचा, तोंडाशी वॉकीटॉकी होती तिथला.

"भाऊ," मी म्हटलं, "तुमच्याकडे बीपर खोकतो का?"

"खोकतो की," ते सहज म्हणाले. "सगळ्यांचेच खोकतात. वॉकीटॉकीचं बटण दाबलं, की लागतात केकाटायला. म्हणून हात लांब धरून बोलायचं. तरी खोकला तर त्याचं डोकं, म्हणजे वरचं बटण दाबायचं, गप बसतो थोडा वेळ."

"आवाज कसा असतो?"

"आवाज काय, बीपरचाच."

"आणि वाजतो तेव्हा?"

भाऊंना माझा प्रश्न थोडा खुळचट वाटला असावा. त्यांनी समजावून सांगितलं. किरणांनी ओरडला तर वाजला. वॉकीटॉकीने ओरडला तर खोकला. वाजला तर पळायचं, खोकला तर डोकं दाबायचं. शेडमध्ये सगळे असंच म्हणतात, नवे बीपर आल्यापासून.

"त्या दुपारी फिल्म काढायला जाताना बीपर खोकला होता?"

"हो. मावशीशी बोलत होतो ना, एका हातात फिल्मचं पाकीट, मग हात कसा लांब धरणार. मी डोकं दाबलं. पण वाजला नाही हं, मॅडम. ते मी छातीवर हात ठेवून सांगतो."

मी त्या दिवशी ज्याला त्याला एकच प्रश्न विचारत फिरले होते: वाजला का? आणि सगळ्यांनी मला प्रामाणिकपणे खरं उत्तर दिलं होतं. चूक माझ्या प्रश्नात होती.

भाऊंच्या चेहऱ्यावर अजून काही उमटलं नव्हतं. मला ते त्या क्षणी सांगण्याचा धीर झाला नाही. मी दुसरीच गोष्ट विचारली, कारण तीही अडत होती. माझ्या टेबलावरच्या बीपरला मी स्वतः चालू वॉकीटॉकी चिकटवली होती, कितीतरी वेळ. तो हूं की चूं करत नव्हता.

"तुमच्या बीपरवर काही खूण होती?"

"खूण म्हणजे, तार. या बीपरांच्या क्लिपा महिनाभरात ढिल्या होतात, वाकलं की पडतात. म्हणून सगळ्यांनी वेल्डिंगची तार गुंडाळलीय. माझी मी दुहेरी गुंडाळली होती."

मी माझ्या तुटलेल्या नखाकडे बघितलं. पाकिटातून आला तो बीपर भाऊंचा नव्हताच.

५

दुसऱ्या दिवशी मी कारखान्याच्या जेवणघरात सगळ्यांना बोलावलं. मालकही आले, आढ्याकडे बघत बसले. सेफ्टीसाहेबांनी मला पाणी आणून दिलं. मी सगळ्यांचे बीपर मागून घेतले आणि लांब टेबलावर ओळीने मांडले. एकेकाला तार गुंडाळलेली, कोणाची लाल, कोणाची तांब्याची. शेवटी पाकिटातला बीपर ठेवला. तो एकटाच कोरा करकरीत होता.

मग लंबूची वॉकीटॉकी घेतली आणि टेबलावरून फिरवत बटण दाबलं.

सगळी ओळ केकाटली. कोणी दचकलं नाही, कोणी उठलं नाही. मावशी तर हसल्या आणि म्हणाल्या, लागले खोकायला. फक्त मालक खुर्चीवरून अर्धे उठले, कारण त्यांनी ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. पाकिटातला बीपर ढिम्म होता.

मी त्यांना शक्य तितकं साधं सांगितलं. बीपरच्या आत किरणांचा माग काढणारी नाजूक कळ असते. वॉकीटॉकीच्या लहरी आत शिरल्या तर ती फसते आणि ओरडते. म्हणून मानकात लिहिलंय, की लहरींनी यंत्र फसता कामा नये. त्यासाठी डबीला आतून धातूचं अस्तर लागतं. मी पाकिटातला बीपर उघडला, आत चकचकीत अस्तर होतं. भांडारवाल्याचा उघडला, आत नुसतं प्लास्टिक. मानकात असंही लिहिलंय, की धोका आहे तोवर माणसाला आवाज बंद करता येता कामा नये. पाकिटातल्या बीपरच्या डोक्यावरचं बटण धोका असताना दाबलं तरी आवाज थांबत नव्हता. या बीपरांचा थांबत होता, आणि ते बटण सगळ्यांच्या अंगठ्याला पाठ झालं होतं.

"भाऊ पाइपापाशी गेले तेव्हा ते मावशींशी बोलत होते," मी म्हटलं. "बीपर ओरडला. लहरींनी ओरडला की किरणांनी, हे भाऊंना कळायला काही मार्गच नव्हता, कारण आवाज एकच आहे. त्यांनी बीपर बंद ठेवला नव्हता. तुम्ही सगळे करता तेच त्यांनी केलं. त्या दुपारी कोणीही तिकडे गेलं असतं तरी असंच झालं असतं."

लंबूने स्वतःचा अंगठा मुठीत लपवला.

राहिला प्रश्न अदलाबदलीचा. तो सोपा होता. बाहेरून हुबेहूब तसाच, पण आतून अस्तर असलेला बीपर एकाच ठिकाणी असू शकत होता. विकणारा सौदा पटवायला आधी चांगला नमुना देतो आणि मग माल दुसराच पाठवतो. नमुना ज्याच्याकडे आला त्याच्याच ताब्यात तो राहिला. पाकीटही त्यानेच सील केलं. भाऊंचा बीपर माझ्यापर्यंत आला असता तर मी पहिल्याच दिवशी वॉकीटॉकी लावून त्याला खोकायला लावलं असतं आणि सगळा माल उघडा पडला असता. हे ज्याला ठाऊक होतं त्यालाच तो लपवायची गरज होती. बाकी कोणाला बीपर खोकतो यात लपवण्यासारखं काही आहे, हेच माहीत नव्हतं.

मी सेफ्टीसाहेबांकडे बघितलं नाही. बाकी सगळ्यांनी बघितलं.

मग त्यांनी खिशातून किल्ली काढून मालकांसमोर ठेवली आणि आपल्या कपाटाच्या खालच्या खणात आहे, असं म्हणाले. भांडारवाला जाऊन घेऊन आला. दुहेरी तार गुंडाळलेला बीपर.

साहेब पळाले नाहीत, आरडाओरडा केला नाही. खुर्चीत बसले आणि त्याच मऊ आवाजात बोलले. माल आला त्या आठवड्यातच त्यांना कळलं होतं. पण नमुना तपासून हा माल चालेल असं लेखी देणारे तेच होते. परत पाठवायचा म्हणजे स्वतःच्या चुकीवर बोट ठेवायचं. आणि तेवढ्यात लोक बीपर सारखे ओरडतात म्हणून तक्रार घेऊन आले.

"मी त्यांना म्हटलं, घाबरू नका, तो वाजत नाही, नुसता खोकतो," साहेब म्हणाले. "लोक हसले. मला वाटलं, प्रश्न मिटला."

तो शब्द त्यांचाच होता. मला त्यांच्या चोरीपेक्षा त्याचीच जास्त चीड आली. चोरी भाऊ भाजल्यानंतरची होती. तो शब्द आधीचा होता.

६

भाऊंना सांगायला मी स्वतः गेले. परवाना राहील, उपचार कारखाना करेल, चूक तुमची नाही, असं सगळं एका दमात सांगून टाकलं, कारण वहिनी दाराशीच उभी होती आणि तिचा जीव टांगणीला लागला होता. ती मटकन स्टुलावर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटलं.

भाऊ मात्र खिडकीकडे बघत होते. त्यांना एव्हाना कळलं होतं.

"म्हणजे तो वाजला होता," ते म्हणाले.

"हो."

"मी सगळ्यांना सांगत राहिलो वाजला नाही म्हणून. आणि तो वाजत होता. मीच त्याला गप केलं."

मी म्हटलं, की तुम्हाला गप करायला शिकवलं होतं. ते त्यांनी मान हलवून मान्य केलं, पण ते मान्य करणं आणि पटणं यात फरक असतो, तो मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. एका बोटाचं पेर पुढे कापावं लागलं. बाकीची वाचली.

नवे बीपर माझ्या समोर आले. एकेक मी हाताने तपासला. सगळ्यांना आतून अस्तर, डोक्याला बटणच नाही. सेफ्टीसाहेबांची चौकशी दुसरीकडे सुरू झाली होती, त्यांच्या जागी माणूस मिळेपर्यंत फोटोची जागा बंद होती. मालकांनी मला विनवून विनवून बोलावलं: आता यंत्रं चांगली आहेत, जागा उघडायला परवानगी द्या. भाऊही आले होते, हात गळ्यात अडकवून. त्यांना अजून काम करायची मनाई होती, नुसते खुर्चीवर बसून बघत होते.

सगळे आपापल्या कामाला लागले. पाइप हलू लागले, मावशी वर चढल्या. कोणाला न सांगता मी तपासणीचा छोटासा तुकडा घेऊन गेले, ज्याने कोणाला इजा होत नाही पण बीपरला जाग येते, आणि लंबूच्या मागे जाऊन उभी राहिले. त्याचा बीपर ओरडला. शेजारच्या वेल्डराचा ओरडला. त्याच्या पलीकडच्याचा ओरडला. मी ओळीने पुढे जात राहिले आणि शेड त्या आवाजाने भरून गेली.

कोणी पळालं नाही. कोणी हातातलं काम सोडलं नाही. सगळ्यांचे अंगठे मात्र खिशाकडे गेले आणि गुळगुळीत प्लास्टिकवर बटण शोधत राहिले. लंबूने वर न बघताच दोनदा दाबलं.

यंत्रं मी तपासली होती, कान कोण तपासणार होतं? मी वळले तर भाऊंची खुर्ची रिकामी होती. ते पहिल्या आवाजालाच उठून पळाले होते आणि आता शेडबाहेर, दाराच्या पलीकडे उभे होते, घामाने थबथबलेले, गळ्यातली झोळी सुटून पट्ट्यांचा हात खाली लोंबलेला. तिथून ते आत सगळ्यांकडे बघत होते, आणि हळूहळू एकेकाचा अंगठा थांबत गेला.

मी दाराशी भाऊंपाशी गेले, तर मालकांनी मागून येऊन विचारलं, की मग परवानगीचं काय. मी काही बोलायच्या आत भाऊंनी डाव्या हाताने झोळी सारखी केली.

"इतक्यात नको," ते म्हणाले. "मॅडम, पुन्हा वाजवा."